पॅडल दिसलं की गाडी घ्या

जुनी गाडी घेताना इंजिन, चासी, सर्व्हिस रेकॉर्ड वगैरे तपासणारे लोक वेगळे. तुमचं बजेट लहान आणि हौस मोठी, तेव्हा थेट स्टिअरिंगच्या मागे बोटं घाला. डावीकडे वजा, उजवीकडे अधिक अशा गिअर खाली-वर करायच्या दोन पट्ट्या, म्हणजे पॅडल, लागल्या? बयाणा देऊन टाका. 1989 साली फेरारीने पॅडलवाली गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल जिंकला. त्या मोसमात तीच गाडी पुढे कितीदा शर्यत अर्ध्यावर सोडून थांबली, याची चौकशी अरसिकांनी करावी.

पॅडल म्हणजे नुसता स्विच, खरा खेळ मागच्या गिअरबॉक्सचा, असं कुणी म्हणालं तर त्याच्या पोटात दुखतंय असं समजा. सीव्हीटी नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर आत पायऱ्यांचे गिअर नसतातच, दोन पुली आणि एक पट्टा. तुम्ही पॅडल ओढता, कॉम्प्युटर पुली ठरलेल्या जागी नेतो आणि डिस्प्लेवर '4' दाखवतो. तुम्हीही गिअर पडल्यासारखा चेहरा करा, दोघांचा मान राहतो. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचेच क्लच आणि गिअर मशीनने हलवणारा प्रकार, असेल तर पॅडल ओढल्यावर आधी तुमची मान पुढे जाते, मग गिअर पडतो.

पण स्वस्तात डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, मिळत असेल तर सोडूच नका, त्यातही कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचचा. एका क्लचकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. ट्रॅफिकमध्ये गाडी इंच इंच सरकते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो, तापतो, झिजतो आणि मग पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरायला लागते. यालाच स्पोर्टी फील म्हणतात. हे क्लच आणि गिअर हलवणारं मेकाट्रॉनिक युनिट गेलं की गाडी इतकी स्वस्त का होती, तेही बिलावर छापून मिळतं.

विक्रेत्याने तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर या अगत्याबद्दल आभार माना. थंड गाडी स्वतः चालू करायची, 'आर' (रिव्हर्स) मधून 'डी' (ड्राइव्ह) मध्ये टाकताना धक्का बसतो का बघायचं, स्कॅनर लावून जुने एरर कोड वाचायचे, हे शोभत नाही. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं? "लाइफटाइम ऑइल आहे, साहेब." कुणाचं लाइफ, ते विचारू नका.

गाडी घरी आली की वळणाआधी ऐटीत डावं पॅडल ओढा. वेग जास्त असेल तर कॉम्प्युटर साफ नकार देईल. उलट आरपीएमचा काटा लाल रेषेला टेकला की बऱ्याच गाड्या तुम्हाला न विचारताच वरचा गिअर टाकतात. 'डी'मध्ये असाल तर थोड्या वेळाने सगळा कारभारच परत कॉम्प्युटरकडे. रागावू नका, ओढत राहा.

हौस फिटली की गाडी विकायला काढा. जाहिरातीत 'पॅडल शिफ्ट' मोठ्या अक्षरांत टाका, आणि गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी इंजिन गरम करून ठेवा.