डबा बोलला नाही

तीस रुपयांवरून माणसाने किती दिवस धुमसावं याला काही मर्यादा असावी, असं घरच्यांचं म्हणणं आहे. शिवाय हिशोबाने बघता माझा एक पैसाही गेलेला नाही, हे बायकोने कागदावर मांडून दाखवलं. तो कागद बरोबर आहे. आज चौथा दिवस आणि मी अजून धुमसतोय.

भाचीच्या मुलाचं बारसं कराडला होतं. बायको आदल्या दिवशीच पुढे गेलेली. (२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्याकडे लांबलांबच्या नातेवाइकांचंही महत्त्व वाढलंय.) मी सकाळी स्वारगेटहून साध्या गाडीत बसलो. खिशात रोकड शून्य. पाकिटात आधार, पॅन, एका कापड दुकानाचं सवलतीचं कार्ड आणि मुलाचा पहिलीतला फोटो. कंडक्टरने मशीन पुढे केलं, मी क्यूआर स्कॅन केला, करकर करत तिकीट बाहेर आलं. इथेच माझा घात झाला. एसटीत सुट्ट्या पैशांवाचून तिकीट निघालं की माणसाला वाटतं, आता जगात आपलं कुठेच अडणार नाही.

खंबाटकी चढलो, उतरलो आणि गाडी एका हॉटेलच्या आवारात शिरली. कुठलं ते सांगत नाही. सगळी सारखीच असतात: पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, बाजूला चिक्की आणि आवळा कँडी, वर टांगलेली धूळ बसलेली खेळणी, आणि पार मागे ती जागा, जिकडे उतरल्याउतरल्या अर्धी गाडी पळत सुटते. "धाच मिंटं हां!" कंडक्टर ओरडला.

एसटीच्या अधिकृत थांब्यावर प्रवाशांना ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आहे, हे मला ठाऊक होतं. असल्या गोष्टी ठाऊक असणारी माणसं हॉटेलवाल्यांना आवडत नाहीत.

"ते तीसवालं?" गल्ल्यावरच्या मालकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोहे संपले. शिरा संपला. उपमा संपला."

त्याच्या कोपराजवळ परातीत पोह्यांचा डोंगर होता, वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं. ते पोहे बहुधा दुसऱ्या कुठल्या योजनेतले असावेत.

"वडापाव हाय."

वडापाव तर वडापाव. उभ्या उभ्या खाल्ला, चहा प्यायलो आणि गल्ल्यापाशी येऊन रुबाबात फोन काढला. स्कॅन केलं, ३० टाकले, पिन टाकला. गोल फिरायला लागलं. वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा, रेंजची एकच काडी, तीही येऊनजाऊन. गोल फिरतंय, फिरतंय, आणि मग 'प्रक्रिया सुरू आहे'. तेवढ्यात बँकेचा मेसेज मात्र टुणकन आला, ३० रुपये वजा. बँकेला घ्यायच्या वेळी बरोबर रेंज सापडते.

"गेले," म्हणत मी फोन मालकासमोर धरला.

त्याने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. गल्ल्यावर, गणपतीच्या फोटोशेजारी, पैसे आल्याचं बोलून दाखवणारा तो डबा होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. उदबत्तीची राखही अंगावर पडलेली. मालकाने गणपतीकडे नाही, त्या डब्याकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि निकाल दिला.

"डबा बोलला न्हाई."

"अहो, पैसे कट झालेत. हा बघा बँकेचा मेसेज."

"मेसेज काय, कुनीबी दावतंय. डबा बोलला पायजे."

इथपर्यंत प्रकरण आमच्या दोघांतलं होतं. मागून आबा आले.

आबा म्हणजे आमच्याच गाडीतले. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, खांद्याला भरलेली पिशवी. पुण्याला लेकीकडे डाळ पोचवून परत निघालेले. हे मला माहीत, ड्रायव्हरला माहीत, गाडीत सगळ्यांनाच माहीत. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, आणि आबा ती बातमी गावोगाव पोचवायच्या कामगिरीवर असल्यासारखे आपलं शून्य रुपयांचं तिकीट स्वारगेटपासून एकेकाला दाखवत होते.

"काय झालं? न्हाई, झालं काय पर?"

"ह्यांचा डबा बोलंना," मालक म्हणाला.

"ह्यांचा डबा?"

"न्हवं, डबा माझाच. पैसं ह्यांचं."

आबांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रोग्यापेक्षा रोग आधी ओळखणाऱ्या वैद्यासारखी मान हलवली.

"खात्यात शिल्लक नसंल."

रांगेत सात-आठ जण होते. सगळ्यांनी माना वाकड्या करून मला पाहून घेतलं.

"आहे शिल्लक," मी म्हणालो.

"किती हाय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? खरा आकडा सांगावा तर हायवेवर, अनोळखी माणसांत, आणि खरं तर आकडाही काही सांगण्यासारखा नाही. "आहे पुरेशी," मी म्हणालो.

"पुरेशी," आबा मागच्या माणसाला म्हणाले. "म्हंजी नसंलच."

अशा वेळी गप्प बसावं हे मला कळतं. पण मी पुणेकर, हातात मुद्दा असला की तोंड बंद राहत नाही. मी मालकाला म्हणालो, "हे बघा, रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे. पैसे कट झाले आणि दुकानदाराला कळलंच नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत जमा व्हायला पाहिजेत. त्याच्या पुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची."

मालक वडे तळणाऱ्या पोराकडे बघून म्हणाला, "गॅस बारीक कर." आबा मात्र एकदम जागे झाले.

"कुनाला शंभर?"

"मला."

"तुमी वडापाव खायाचा..."

"हो, पण..."

"...आन् वर बँक तुमास्नी रोजचं शंभर देनार?"

"पाच दिवसांनंतर, आबा. तसा नियम आहे."

"मालक," आबा गल्ल्यावर हात आपटून म्हणाले, "मला दोन वडापाव लावा. आन् माझ्या टायमाला बी ह्यो डबा गप ठिवा."

रांग खदाखदा हसली. मीही हसलो, कारण तेवढंच हातात होतं. मग मला सुचलं की शेडच्या बाहेर गेलं तर रेंज येईल. चार पावलं टाकली असतील नसतील, मागून मालकाचा आवाज आला, सगळ्या आवारात घुमेल असा:

"ओ पाव्हणं! पैसं दिऊन जावा!"

हाच तो क्षण. चार दिवस झाले, दात घासताना हाच आवाज कानात येतो. चिक्कीपाशी उभ्या बायका वळल्या. खेळणं मागणारं एक पोर रडायचं थांबलं. बत्तीस वर्षं नोकरी केली, इन्कम टॅक्स न चुकता भरला, सोसायटीचा खजिनदार होतो, आणि इथे वडापाव खाऊन पळणारा माणूस ठरलो. आत उभं राहिलं तर रेंज नाही आणि बाहेर पडलं तर चोर.

एक गोष्ट कबूल करायला हवी, त्या मालकाचं तसं चुकत नव्हतं. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटा गेल्या, हळूहळू टपरीवरसुद्धा क्यूआर चिकटला. मग खोटे स्क्रीनशॉट दाखवून फुकट खाऊन जाणारेही निघाले. त्यांच्यामुळे हे डबे आले. त्यामुळे मालकाला शिव्याही धड देता येत नाहीत, आणि राग घालवायला दुसरं कुणी समोर नसतं.

आठवलं म्हणून सांगतो. पूर्वी एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बॉलपेनने 'बाकी ७' असं खरडून द्यायचा. त्या सात रुपयांपायी झोप लागायची नाही. उतरायच्या दोन थांबे आधीपासून आपण तिकीट हातात धरून त्याच्या नजरेत यायची धडपड करायचो, आणि तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा. पण ते खरडलेलं अक्षर चालायचं. त्याच्यावर हळदकुंकू नसलं तरी चालायचं. असो.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. गाडी भरत आली. मी मालकापुढे फोन धरून, मालक डब्यापुढे कान धरून, आणि डबा ढिम्म.

"किती ऱ्हायलंय ह्यांचं?" आबांनी विचारलं.

"तीस."

आबांनी पिशवी खाली ठेवली. बंडीत हात घालून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात आणखी एक पिशवी. तिच्यात रबर लावलेलं आधार कार्ड, आणि त्याच्या आत घडी घातलेल्या नोटा. तीन दहाच्या मोजल्या, थुंकी लावून परत मोजल्या.

"घ्या. ह्यांचं मी भरतो!"

हे ते मालकाला म्हणाले, पण ऐकू गाडीत गेलं.

मी जागेवर जाऊन बसलो, आबा येऊन शेजारी बसले. वास्तविक त्यांची जागा मागे होती, पण आता आमचा संबंध जुळला होता. गाडी मागे घेत असताना शेडमधून तो गोड, बिनघोर आवाज आला: "तीस रुपये प्राप्त झाले."

मी ताडकन उठलो. "ऐकलंत? बोलला! आबा, डबा बोलला!"

"बोलला," आबा म्हणाले. "पर ह्यो तुमचाच कशावरनं? हितं समद्यांचंच तीस."

बाहेर येताच रेंज आली होती. फोनवर हिरवी खूण, 'यशस्वी'. मी तो आबांच्या नाकासमोर धरला. "बघा. माझेच. म्हणजे त्याने दोनदा घेतले."

"व्हय. दोनदा घेतलं."

चला, एकाला तरी पटलं, असं मला वाटलं.

"एक तुमचं, एक माझं," आबा बोटांवर मोजत म्हणाले. "तुमचं त्यानं तुमास्नी द्यायाचं. माझं तुमी मला द्यायाचं. त्येचा हिशोब वायला, माझा वायला."

यात चूक काढायला मी साताऱ्यापर्यंत प्रयत्न केला. सापडली नाही. तोवर आबांनी पुढच्या सीटला, मागच्या सीटला आणि पलीकडे झोपलेल्या एका माणसाला उठवून सांगितलं होतं, की ह्या सायबांच्या खात्यात शिल्लक नव्हती, गाडी जायला लागली, मग म्या भरलं.

साताऱ्याच्या स्टँडवर मी कंडक्टरला गाठलं. म्हटलं, तुमच्या मशीनवर ३० स्कॅन करतो, तुम्ही आबांना रोख द्या.

"मी काय बँक हाय का?" कंडक्टर म्हणाला. रास्त बोलला.

शेवटी पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीने एका कानातलं बोंडूक काढलं. "काका, मला पाठवा. मी देते कॅश." 'काका' जरा लागलं, पण वेळ कसली होती! पाठवले. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेले. चालत्या गाडीत, डोंगराच्या कडेला. तिने पर्स उघडली आणि दहाची तीन नाणी माझ्या तळहातावर ठेवली.

मी ती विजयी मुद्रेने आबांपुढे धरली.

आबांनी हात मागे घेतला. "हे न्हाई चालत."

"का?"

"धाचं नाणं आमच्याकडं कोन घेत न्हाई. बंद झालंय."

"अहो, बंद कुठे झालंय? उगीच अफवा आहे ती. दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि चौदाच्या चौदा चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ ला जाहीर केलंय."

आबांनी डोळे बारीक केले.

"तीच न्हवं का ही? ती पाच दिसांवाली बँक?"

यापुढे माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. मुलीने दुसरा कानही मोकळा केला होता. मागच्या माणसाने मध्येच, "आमच्याकडं बी घेत न्हाईत," अशी साक्ष काढली. मी नाणी मुठीत धरून बसलो. मुठीला घाम आला. बाहेर उसाच्या ट्रॉल्या मागे पडत होत्या आणि मी मनातल्या मनात मालकाला, डब्याला, पत्र्याला आणि स्वतःला क्रमाने झोडत होतो.

उंब्रज आलं. आबा उठले, पिशवी खांद्याला मारली. मी शेवटचा प्रयत्न म्हणून नाणी पुन्हा पुढे केली. म्हटलं, आबा, तुमचे पैसे राहतील हो माझ्याकडे, बरं नाही दिसत.

"ऱ्हाऊ द्या," आबा दारातून म्हणाले. "तीस रुपयांनी काय व्हतंय. कराडला उतरल्यावर एखाद्या गरिबाला द्या."

खाली उतरले. टोपी नीट केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोन पावलं मागे आले आणि माझ्या खिडकीखाली उभं राहून मला पुन्हा एकदा नीट निरखून बघितलं.

"न्हायतर असू द्या," ते म्हणाले, "तुमास्नीच."

कंडक्टरने डबल बेल दिली.