मका थंडीचा नाही म्हणे!

दिवाळी उरकली की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला चार ग्रुपवर आला, त्यातल्या एका ग्रुपवर तर एकाच माणसाने दोनदा टाकला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: मका उष्ण देशातलं पीक, थंडीशी जुळवून घ्यायची ताकदच त्याच्यात नाही, पानं जांभळी पडली की जमिनीतला स्फुरद (फॉस्फरस) संपला समजा आणि लगेच फवारा, गारठ्याने पानं करपली तर वेळ न घालवता प्लॉट मोडा, थंडीत जो मका येतो तो जीएम (प्रयोगशाळेत जनुक बदललेला) असतो, आणि रब्बी मका म्हणजे हमखास तोटा. खाली 'शेतकरी हितासाठी पुढे पाठवा'. शेतकरी हित म्हटलं की कुणी काही विचारत नाही, म्हणून म्हटलं आपणच बसून लिहू.

मका उष्ण भागातला, हे खरंय. मेक्सिकोच्या नैऋत्येला बाल्सास नदीचं खोरं आहे, तिथे टिओसिन्टे नावाच्या रानगवतापासून साधारण ९,००० वर्षांपूर्वी माणसाने मका घडवला. गहू थंडी खाल्ली की कणखर होतो, फुटवे धरतो, मक्याचं तसं नाही, १० अंशाच्या खाली त्याची वाढ जवळपास थांबते आणि पानात अन्न तयार करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम गारठ्यात ढिलं पडतं. इथपर्यंत मेसेजवाल्याला पूर्ण मार्क. पण मग पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका तलावाच्या काठी ३,८०० मीटर उंचीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या मका कसा काढतायत? कळसूबाई १,६४६ मीटर आहे, दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी तिथे पोचत नाहीत. मेक्सिकोतच मका २,००० मीटरच्या वरच्या थंड पठारावर गेला तेव्हा तिथे त्याची गाठ दुसऱ्या एका टिओसिन्टेशी पडली, तो आधीपासूनच थंडीत मुरलेला, दोघांचा संकर होत राहिला आणि त्याचे काही गुण मक्याने उचलले. तिथल्या गावरान मक्याच्या खोडाला वेढणारं पानाचं आवरण जांभळट आणि चांगलं लवदार असतं, आपण थंडीत गोधडी घेतो तसलाच प्रकार.

उत्तरेकडे मात्र मक्याने वेगळाच डाव टाकला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात गास्पे म्हणून द्वीपकल्प आहे, तिथला गास्पे फ्लिंट (फ्लिंट म्हणजे कडक दाण्याचा) हा गावरान मका उगवल्यावर साधारण महिन्याभरात तुऱ्यावर येतो, ठेंगणं झाड, बोटभर कणीस, पण बर्फ पडायच्या आत दाणा पक्का. म्हणजे थंडी सोसायच्या भानगडीत तो पडलाच नाही, थंडी यायच्या आत काम उरकून मोकळा. हे जमलं कसं तेही भारी आहे. उष्ण भागातला मूळ मका दिवस लहान झाल्याशिवाय नीट फुलत नाही, उत्तरेत उन्हाळ्याचे दिवस लांबलचक, तिथे तो नुसता वाढतच राहणार आणि तुरा निघेपर्यंत बर्फ. मग काही झाडांत फुलोऱ्याच्या जनुकांशेजारी 'उड्या मारणारे' डीएनएचे तुकडे जाऊन बसले, त्याने दिवस मोजायची सवय सैल पडली, झाडं लवकर फुलायला लागली आणि माणसाने तीच बियाण्याला ठेवली. उड्या मारणारी जनुकं म्हणजे तीच, जी बार्बरा मॅक्लिंटॉक बाईंनी मक्याच्याच दाण्यांच्या रंगावरून शोधली आणि १९८३ मध्ये नोबेल घेतलं.

युरोपने पुढे १९५० च्या दशकात थंडीला सरावलेला स्वतःकडचा फ्लिंट आणि जास्त उतारा देणारा अमेरिकेचा डेंट (दाण्याला वर खळगी असलेला) यांचे हायब्रीड केले, आज एकट्या जर्मनीत मुरघासाचा (जनावरांसाठी मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) मकाच सुमारे २० लाख हेक्टर आहे. ताकद नाही म्हणे.

आता जांभळी पानं. हा मुद्दा मला जास्त टोचतो कारण यात खिशातला पैसा जातो. गेल्या डिसेंबरात आमच्या धाकट्या भावाने सकाळी सकाळी फोटो पाठवला, तीन-चार पानांवरचा मका, पानांच्या कडा आणि टोकं वांग्यासारखी जांभळी, खाली 'दादा मेलं का हे?'. दुकानदाराने तोवर टॉनिक, विद्राव्य खत आणि अजून एक कसलीशी बाटली असं त्रिकूट सांगूनही टाकलं होतं. होतं असं की रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा लख्ख ऊन, पान दिवसभर साखर बनवतं पण गारठ्याने मुळं आणि कोंब वाढत नाहीत, मग ती साखर वापरणार कोण, ती पानातच साठते आणि तिच्यामुळे अँथोसायनिन नावाचं जांभळं रंगद्रव्य तयार होतं. ते एका परीने झाडाचं सनस्क्रीनच, कारण थंडीत सुस्तावलेल्या पानाला जास्तीचं ऊन झेपत नाही. काही हायब्रीड जात्याच जास्त जांभळी पडतात, शेजारच्या बांधावर दुसरं वाण हिरवंगार दिसतं ते त्यामुळे. थंड मातीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही हेही खरं, पण उचलता न येणं वेगळं आणि जमिनीत नसणं वेगळं, तिजोरीची किल्ली हरवली म्हणून कुणी भिकारी होत नाही. भावाने माझं ऐकून सहा सऱ्या फवारल्या आणि बाकी रान तसंच सोडलं. संक्रांतीनंतर ऊन चढलं तशी दोन्हीकडची नवी पानं हिरवी निघाली, सहा सऱ्या कुठल्या ते आता त्यालाही सांगता येत नाही. ऊब वाढूनही नवी पानं जांभळीच येत असतील तर मात्र माती तपासा.

प्लॉट मोडा हा सल्ला तर फारच घाईचा. मक्याची वाढ जिथून होते तो शेंडा पाच-सहा पानं पूर्ण उघडेपर्यंत जमिनीच्या खालीच असतो, वर दिसतो तो नुसता पानांचा पोंगा. दव गोठून वरची पानं कागदासारखी पांढरी पडली तरी खालचा शेंडा बऱ्याचदा शाबूत असतो. पाच-सात दिवस थांबा, मग दोन-चार झाडं मुळासकट उपटून खोड ब्लेडने उभं चिरा. बुडाशी पांढरा, टणक, ओलसर कोंब दिसला तर झाड जिवंत आहे, तपकिरी आणि मऊ लिबलिबीत लागला तर गेलं. पीक गुडघ्याच्या वर गेलं असेल तर शेंडाही वर आलेला असतो, तेव्हा कडक दव खरंच मारतं.

जीएमचं काय ते दोन ओळीत. भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगीच नाहीये. अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालेल्या एका जीएम मक्यात जिवाणूचं 'कोल्ड शॉक प्रोटीन'वालं जनुक आहे, पण तो मका आहे दुष्काळासाठी! बहुतेक कुणीतरी तेवढं नावच वाचलं आणि बाकी कहाणी रचली.

राहिला तोटा. बिहारमधल्या पूर्णिया, कटिहार, खगडियाकडे जाऊन हे बोलून दाखवा. तिथली थंडी आपल्यापेक्षा जास्त, तरी रब्बी मका हेच तिथलं मोठं पीक, आणि एकरी उतारा खरिपापेक्षा चांगला पडतो. थंडीत पीक सावकाश वाढतं, जास्त दिवस घेतं, पण तेवढे दिवस पान ऊन खात राहतं, आभाळ मोकळं असतं, थंड रात्री झाड कमावलेलं कमी उडवतं, आणि पाणी आपल्या हातात. लष्करी अळीची पिढीही गारठ्यात रेंगाळते, जात मात्र नाही, तेव्हा पोंगे बघत राहा.

मेसेजवाल्याच्या भीतीत खरं काही असेल तर ते पेरणीच्या तारखेत आहे. आपल्याकडे रब्बी मक्याची शिफारस १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, तेव्हा माती अजून कोमट असते, कोंब पाच-सहा दिवसांत वर येतो. तेच कांद्याचं रान मोकळं व्हायची वाट बघत डिसेंबरात पेरलं तर निफाडसारख्या पट्ट्यात बी दहा-दहा दिवस गार मातीत पडून राहतं, बुरशी धरतं, उरलेलं उंदीर खातात, आणि मग उगवण विरळ झाली की दोष बियाण्याला.