लिस्ट फंक्शनला दिली म्हणजे कॉपी झाली?

जळगाव-भुसावळकडच्या कोडिंग शिकणाऱ्या पोरापोरींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पायथनमध्ये फंक्शनला लिस्ट दिली की तिची पूर्ण कॉपी होते. मेमरी वाचवायची तर लिस्ट ग्लोबल (सगळ्या फंक्शनना खुली) ठेवा. आणि सी प्लस प्लसमध्ये फंक्शनमधून व्हेक्टर (तिथला लिस्टसारखा प्रकार) कधीच रिटर्न करू नका.’

पहिलं वाक्य साफ चूक आहे. तलाठ्याकडे जाताना आपण शेत उचलून नेत नाही, गट नंबर सांगतो. पायथनही तेच करतो. लिस्टमध्ये १० नोंदी असोत की १० लाख, ६४ बिटच्या मशीनवर फंक्शनला मिळतो तो लिस्ट मेमरीत कुठे आहे याचा ८ बाइटचा पत्ता. खात्री करायची तर फंक्शनच्या आत अपेंड करा (शेवटी एक नोंद जोडा) आणि बाहेर येऊन मूळ लिस्ट प्रिंट करा. नवी नोंद तिथं दिसेल.

कॉपी होते ती आपणच केलेल्या स्लाइसनं, म्हणजे लिस्टचा तुकडा वेगळा काढल्यानं. लिस्टमध्ये प्रत्येक नोंदीचा पत्ता असतो. १० लाख नोंदींची स्लाइस घेतली की नुसत्या पत्त्यांचेच ८० लाख बाइट नव्यानं लिहिले जातात. रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं तेव्हा, दर वेळी पहिली नोंद सोडून उरलेली स्लाइस पुढे दिली, तर ९०० नोंदींच्या लिस्टलाही चार लाखांवर पत्ते कॉपी होतात. त्यापेक्षा तीच लिस्ट द्या आणि सोबत ‘इथून सुरू कर’ असा इंडेक्स द्या. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या अ‍ॅरेची (तिथल्या यादीची) साधी स्लाइस मात्र कॉपी नसते. ती मूळ डेटाच दाखवते, म्हणून तिच्यात बदल केला की मूळही बदलतं.

ग्लोबलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. मेमरी काहीच वाचत नाही, कारण ग्लोबल नावही त्याच लिस्टकडे बोट दाखवतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या केळीच्या हिशेबात एका फंक्शननं वजनांची ग्लोबल लिस्ट जागेवरच सॉर्ट केली, शेतकऱ्यांच्या नावांची लिस्ट तशीच राहिली. एकाची केळी दुसऱ्याच्या नावावर! चूक कुठली, ते शोधायला दोन दिवस गेले, कारण लिस्टला कोण कोण हात लावतंय हे फंक्शनच्या कुठल्याच कॉलमध्ये दिसत नव्हतं. तिथं सॉर्टेड वापरून वेगळी लिस्ट करायला हवी होती. ती कॉपी गरजेची होती.

सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टर नुसता पाठवला की एकेक घटक कॉपी होतो, हे खरं. म्हणून फक्त वाचायचा असेल तर कॉन्स्ट रेफरन्स घ्या, म्हणजे मूळ व्हेक्टरच वापरा, पण बदल न करता. पण रिटर्नची भीती जुनी झाली. सी प्लस प्लस ११ पासून फंक्शनमधला स्वतःचा व्हेक्टर रिटर्न केला, तर कंपायलर एकतर तो थेट घेणाऱ्याच्या जागेवरच बांधतो, नाहीतर मूव्ह करतो, म्हणजे कॉपी न करता घटकांचा ताबाच पुढे देतो. घटक जागचे हलत नाहीत. फक्त त्या रिटर्नच्या ओळीत स्वतःहून मूव्ह लिहू नका, त्यानं थेट बांधण्याची सोय उलट बंद पडते.