हरभऱ्याची आंब जमिनीतलं मीठ खात नाही

पेरणीचे दिवस जवळ आले आणि तो मेसेज पुन्हा फिरायला लागला. मला चार ग्रुपवर आला. मजकूर असा: क्षारपड जमीन एका हंगामात दुरुस्त करा. एकरी पाच पोती जिप्सम फेका, बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून पिकाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू) चोळा, हरभरा पेरा. हरभऱ्याची आंब, म्हणजे त्याच्या पानांवरचा आंबट रस, जमिनीतलं मीठ खाते. हरभरा नसेल तर कुठलंही कडधान्य चालतं.

माझ्या मामांनी गेल्या रब्बीत मिरज तालुक्यातल्या आपल्या दीड एकरात हे सगळं तंतोतंत केलं, म्हणून उत्तर लिहिते आहे. तीस वर्षं ऊस, पाणी भरपूर, निचऱ्याला वाट नाही, अशी ती जमीन. सकाळी वरंब्यावर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसतं. डिसेंबरात गेले तेव्हा खोलगट भागात बी उगवलंच नव्हतं. जिथे उगवलं तिथे रोपांची खालची पानं कडेनं तांबूस होऊन वाळत होती. बियाणं, जिप्सम, मजुरी सगळं अंगावर पडलं.

आधी आंबेचं. पहाटे दवात हरभऱ्यावर फडकं पसरून पिळलं की आंब निघते, हे खरं आहे. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. पण मीठ आम्लानं संपत नाही. मिठाच्या पाण्यात लिंबू पिळून पाहा. पाणी आंबट होईल, खारटपणा तसाच राहील.

आणि मीठ किती, याचा हिशेब कुणी करत नाही. विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे आपण ज्याला ईसी म्हणतो ती, २ डेसीसायमन असेल तर लिटरमागे साधारण सव्वा ग्रॅम क्षार असतात. एकराला सात सेंटीमीटर पाणी दिलं की ते होतं २ लाख ८० हजार लिटर. म्हणजे एका पाण्याबरोबर साडेतीनशे किलो क्षार, पन्नास किलोची सात पोती, आपणच शेतात ओतली. हरभऱ्याचं सगळं पीक मुळासकट उपटून नेलं तरी त्यातून जाणारे क्षार यापुढे किरकोळ आहेत. हरभरा मीठ वर घेतो तेव्हा तो जमीन सुधारत नसतो, स्वतः जळत असतो.

आता जिप्सम. यानं सगळ्यात जास्त पैसे बुडतात. पांढरी पडलेली प्रत्येक जमीन एका रोगाची नसते. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, सामू (पीएच) ८.५ च्या खाली असतो. तिथे जिप्समचं काम नाही, तिथे क्षार पाण्यानं धुऊन बाहेर काढावे लागतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो. तिथे जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हटवून त्याची जागा घेतं. घरी अंदाज घ्यायचा तर वाळलेलं ढेकूळ पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. चोपण मातीचं पाणी दुधासारखं गढूळ होत जातं. क्षारयुक्त मातीचं ढेकूळ फुटलं तरी पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं. मामांच्या मातीचं पाणी नितळ राहिलं. पाच पोती जिप्सम त्या जमिनीला लागतच नव्हतं.

बरं, जमीन चोपण असती तरी पाच पोत्यांनी काय होणार होतं? भारी काळ्या जमिनीत चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण २० टक्क्यांवरून १० वर आणायचं तर वरच्या अर्ध्या फुटाला एकरी तीन-चार टन जिप्सम लागतं. मेसेज सांगतो अडीचशे किलो. आणि सुटलेला सोडियम वाहून जायला निचरा नसेल तर तो तिथेच राहतो.

रायझोबियम लावूच नका, असं मी म्हणत नाही, जरूर लावा. पण खारट जमिनीत हरभऱ्याच्या आधी त्याच्या मुळावरच्या गाठी हार मानतात. मी मामांच्या शेतातलं रोप खुरप्यानं मातीसकट काढून बादलीत धुतलं. गाठी मोजक्या, बारीक. नखानं फोडल्यावर चांगली गाठ आतून गुलाबी निघते, या करड्या-हिरवट होत्या. म्हणजे नत्र तयार होत नव्हतं. मेसेजच्या भरवशावर मामांनी खताचं नत्रही दिलं नव्हतं. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्राची शिफारस आहे, ती अशा जमिनीत तरी टाळू नये.

'कुठलंही कडधान्य चालतं' हे तर साफ चूक. मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची, ईसी १ च्या वर गेली की घेवड्याचं उत्पन्न घटायला लागतं. भुईमूग ३.२ पर्यंत सोसतो, चवळी आणि सोयाबीन ५ च्या आसपास. हरभरा नाजूकच, पण कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं 'करनाल चना १' हे वाण ६ पर्यंत तग धरतं. एक खबरदारी मात्र घ्या. आपल्याकडे माती परीक्षणाच्या अहवालात बहुधा १:२.५ द्रावणाची (एक भाग माती, अडीच भाग पाणी) ईसी असते. ती या आकड्यांपेक्षा बरीच कमी दिसते. नुसता आकडा लहान दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

जमीन मध्यम खारट असेल तर करण्यासारखं आहे. पेरणीआधी नदीचं गोडं पाणी भरपूर देऊन क्षार खाली दाबा. बी रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरा, उगवण सुधारते. वरंब्याच्या माथ्यावर टोकणी करू नका, पाणी उडून जाताना क्षार तिथेच गोळा होतात. बगलेला टोका. ओळींमध्ये पाचट पसरा. आणि एका हंगामाची आशा सोडा. जमीन बिघडायला तीस वर्षं लागली आहेत.

पाण्याला वाट नसेल तर हे सगळं तात्पुरतं ठरतं. मामांनी मार्चमध्ये जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, शेजारच्या तिघांना सोबत घेऊन, कारण पाणी ओढ्याला न्यायचं तर वाट त्यांच्याच बांधांतून जाते. खोलगट भागात खरिपात हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरला, तो फुलावर येताच गाडला. जुलैच्या पावसात पाइपाच्या तोंडाशी पाणी धो धो पडत होतं. मी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. चांगलंच खारट लागलं.