मधलं पद आणि मामा

लातुरात एका पोराचा अभ्यास असला की तो सगळ्या घराचा असतो. 'लातूर पॅटर्न' बाहेरच्यांना निकालावरून माहीत. आम्हाला रात्री टीव्ही बंद करावा लागतो यावरून. माझी भाची शिकायला आमच्याकडं असते, इंग्रजी शाळेत पाचवीला आहे आणि सध्या तिचा 'कंपाउंड वर्ड्स'चा धडा चालू आहे. बाईंनी युक्ती सांगितली: शब्द अडला की मधोमध तोडा, अर्थ बाहेर पडतो. तेव्हापासून घरात एक इंग्रजी शब्द धड राहिलेला नाही.

'बटरफ्लाय' म्हणजे लोण्यावरची माशी, 'हॉटडॉग' म्हणजे तापलेलं कुत्रं. इथवर चाललं. 'हनीमून' मात्र तिनं जेवताना फोडलं.

"मधाचा चंद्र. म्हणजे काय मामा?"

बाबांना एकाएकी ठसका लागला. आईला काहीतरी करपल्याचा वास आला आणि ती आत गेली. गॅस बंद होता. उरलो मी.

बाईंना बोल लावावा तर तीही सोय नाही, कारण वाचणाऱ्याचं डोकं म्हणे हेच करतं. प्रयोगात माणसाला पडद्यासमोर बसवतात, अक्षरं दाखवतात, 'हा खरा शब्द आहे का' यासाठी बटण दाबायला लावतात आणि लागलेला वेळ मिलिसेकंदांत मोजतात. गॅरी लिबेन या कॅनडातल्या भाषाशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह २००३ मध्ये असल्या प्रयोगांतून दाखवलं, की तुकड्यांचा अर्थाशी संबंध नसला तरी ते डोक्यात जागे होतातच. आणि खोडा जास्त बसतो तो शेवटच्या तुकड्यानं दगा दिला की. 'स्ट्रॉबेरी'तली स्ट्रॉ, म्हणजे गवताची काडी, तिथं काय करते कुणास ठाऊक; पण बेरी जागेवर आहे, त्यामुळं निभावतं. 'जेलबर्ड' म्हणजे कैदी. यात जेल खरी, पाखरू खोटं. इंग्रजी शब्दात घरचा कर्ता शेवटी बसतो. तोच खोटा निघाला तर पाहुण्यानं कुणाला रामराम घालायचा?

तुकडे तरी दिसतात. खरी मारामारी असते मधल्या रिकाम्या जागेत. "करडीचं तेल करडीपासून, खोबरेल तेल खोबऱ्यापासून, मग बेबी ऑइल?" हा प्रश्न भाचीनं न्हाणीघरातून खणखणीत आवाजात विचारला. आई हातातली परात तशीच टाकून धावली.

शाळेत आपण याला मध्यमपदलोपी समास म्हणायचो. पुरणपोळी म्हणजे पुरण 'घालून केलेली' पोळी. 'घालून केलेली' आपण पोळीच्या आधीच गिळतो. कॅनडातच क्रिस्टिना गान्ये आणि टॉमस स्पॉल्डिंग या दोघांनी हे गिळलेलं पद शोधायचा उद्योग केला. 'स्नोबॉल'च्या आधी 'स्नोफोर्ट', म्हणजे बर्फाचा केलेला किल्ला, वाचला असेल तर स्नोबॉल लवकर उमगतो. 'स्नोशॉव्हेल', म्हणजे बर्फ उपसायचं फावडं, वाचलं असेल तर उशिरा. बर्फ दोन्हीकडं आहे. पण 'चा केलेला' हे नातं डोक्यात एकदा बसलं की पुढच्या शब्दालाही तेच हाताशी येतं.

आमच्याकडं बर्फ दिसतो तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. म्हणून भाचीला गावचा दाखला दिला: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली वॉटर ट्रेन. स्टीम इंजिन वाफेवर चालतं, तर वॉटर ट्रेन पाण्यावर चालत होती का? टँकरच्या रांगेत घागरी लावून बसलेल्या एकालाही तेव्हा ही शंका आली नाही. पाणी 'आणणारी' गाडी; मधलं पद अख्ख्या शहराला तोंडपाठ होतं. भाची तेव्हा पाळण्यात होती, तिला ते सांगावं लागलं. सांगितल्यावर म्हणाली, "मग फायर ब्रिगेड आग आणते का?"

मी उठून गच्चीवर गेलो.

पुढं बीडकडची सीताफळं बाजारात आली. ती भौगोलिक मानांकनवाली, बालाघाटच्या डोंगरातली. पोरीनं हातातल्या फळाकडं वकिलासारखं बघितलं. "कस्टर्ड ॲपल. यात कस्टर्ड नाही, ॲपल पण नाही. ही फसवणूक आहे."

आई बिया ताटलीत काढत म्हणाली, "आन् सीताफळात सीता कुठं हाय गं? गप खा."

पोरगी गप्प. कॅनडातल्या कुठल्याच प्रयोगशाळेत ही सोय नसावी.

ही शांतता फार टिकली नाही. काल विचारलं, "होमवर्क झालं का?"

"झालं की. आजीला लसूण सोलून दिला, ताटं घेतली, अंगण झाडलं."

"अगं, ते नव्हे..."

"होम म्हणजे घर, वर्क म्हणजे काम. मधलं पद तू घाल की मामा." आणि वही माझ्याकडं सरकवली.

मी आईकडं बघितलं. ती सोललेला लसूण वाटीत भरत होती.

"बरोबर बोलायलंय लेकरू. कामून मागं लागलास तिच्या?"