उद्याला इटालियनमध्ये काय म्हणतात?

बँकेतून निवृत्त झालो तेव्हाच ठरवलं होतं, आता कुणाची नोकरी करायची नाही. गेल्या पावसाळ्यात अडीच महिने केली. बिनपगारी, चोवीस तासांची. आणि साहेब दोन, एक सात वर्षांची, एक चार वर्षांचा.

प्रतापनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. बायकोची एक मैत्रीण शिशुगृहात काम करते. ती एका संध्याकाळी आली आणि चहा व्हायच्या आतच म्हणाली, "इटलीहून एक जोडपं येऊन राहिलं. दोघा बहीणभावांना दत्तक घेताहेत. कागदं होईपर्यंत पोरांना घेऊन नागपुरातच राहायचं आहे, अन् हॉटेलात पोरं किती दिवस राहतील? शिवाय भाऊजींचं इंग्रजी चांगलं आहे." शेवटचं वाक्य ऐकून मी हो म्हणालो. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

परदेशी पाहुणा घरी उतरला की घरमालकानं 24 तासांत सरकारला कळवायचा फॉर्म भरायचा असतो. मी चष्मा पुसून कम्प्युटरपुढे बसलो. 'येण्याचा उद्देश' या रकान्यावर अडलो. मागून आईचा आवाज आला, "बाळंतपणाले आले म्हणून लिही ना."

आईचं वय ब्याऐंशी. पाहुण्यांची नावं मार्को आणि पाओला. आईनं दोन्ही नावं नीट ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई पोळ्याच्या अन् माणूस मारका? इतक्या सज्जन माणसाले मारका कसं म्हणू रे?" त्या क्षणापासून ते मारोतराव झाले. बाईंचं मात्र पोळाबाईच राहिलं. मुलांची नावं मी सांगणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 आहे, अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. आपण मोठीला ताई म्हणू आणि धाकट्याला बारक्या.

"किती दिवस गेले याच्यात?" आईनं पोळाबाईंना विचारलं. दुभाष्या म्हणून माझं हे पहिलं काम. पोळाबाईंनी बोटं मोजली. तिकडच्या बालन्यायालयाचा 'हे आईबाप होण्यास लायक आहेत' असा हुकूम, समाजसेविकेनं घरी येऊन केलेला अहवाल, मग दत्तकाचं काम पाहणाऱ्या दिल्लीच्या 'कारा' या सरकारी संस्थेचं पोर्टल, मग नुसती वाट पाहणं, मग ना-हरकत. सगळे मिळून पाच वर्षं. आई म्हणाली, "हत्तीण बी बावीस महिन्यांत मोकळी होते." याचं भाषांतर मी केलं नाही. दुभाष्याला काही गोष्टी गिळता आल्या पाहिजेत, हे मला पहिल्याच दिवशी समजलं.

मारोतरावांकडे एक निळी फाइल होती. तिच्यात देशोदेशींच्या दत्तकाचा 1993चा हेग करार होता, ज्यात भारत 2003 साली सामील झाला, आणि तो करार त्या माणसाला आपल्याला पाढे येतात तसा येत होता. कलम 17, म्हणजे दोन्ही देशांची संमती, झालं होतं, कलम 23चं, म्हणजे दत्तक करारानुसार झाल्याचं, प्रमाणपत्र राहिलं होतं. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानंतर मिळतं. आधी हे आदेश कोर्ट द्यायचं, 2022च्या सप्टेंबरपासून जिल्हाधिकारी देतात. आदेश येईपर्यंत पोरं आईबापांजवळ राहू शकतात, पण देशाबाहेर जाऊ शकत नाहीत. आई रोज सकाळी जिन्याखालून विचारायची, "तेवीस आलं का?" जणू तेवीस नंबरची बस यायची होती.

आता माझ्या नोकरीविषयी.

पोरांना येत होती गावाकडची वऱ्हाडी. पोळाबाईंना इटालियन. मारोतरावांना इटालियन आणि बऱ्यापैकी इंग्रजी. त्यामुळे बारक्यानं अंघोळीला नकार दिला की पोळाबाई इटालियनमध्ये रागवायच्या, तो राग मारोतराव इंग्रजीत करून मला द्यायचे आणि मी तो मराठीत करून बारक्यापुढे ठेवायचो. एवढ्या वेळात तो राग फ्रीजमधल्या वरणासारखा गार झालेला असायचा, वर साय धरलेली. बारक्या ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "नाही म्हण तिले." मग हे 'नाही' उलट्या दिशेनं जिना चढायचं. रागावणारी एक, ऐकून न घेणारा एक, आणि दोघांची तोंडं माझ्याकडे. अंघोळ शेवटी मलाच घातल्यासारखी व्हायची.

पहिल्या आठवड्यातला पास्ता अजून आठवतो. पोळाबाईंना पार्सली मिळाली नाही, म्हणून त्यांनी कोथिंबीर चिरून टाकली. बारक्या ताटाकडे बघून ओरडला, "सांबार काढ याच्यातला!" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मराठी वाचणाऱ्या अर्ध्या जगाला माहीत नाही, मारोतरावांना कुठून असणार? मी घाईत शब्दाला शब्द ठेवून सांगितलं की याला सांबार नको आहे. मारोतरावांनी मुंबईच्या हॉटेलात इडलीसोबत सांबार खाल्लं होतं. ते बिचारे काट्यानं पास्ता उलटापालटा करून त्यात डाळ शोधत राहिले. शेवटी आईनं चार पानं चिमटीत धरून काढली, आणि मारोतरावांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. वहीत आधीच 'टोंगळा', म्हणजे गुडघा, होता. बारक्याचा रोज फुटायचा.

पुढे पुढे मी हुशार झालो आणि भाषांतरात काटछाट करायला लागलो. पोळाबाई पाच मिनिटं बोलल्या की मी सांगायचो, "आई म्हणते, जेवून घे." हे चाललं असतं, पण ताई बघत होती. बघणारी पोरगी. एक दिवस माझ्या समोर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबाजी, तुम्ही पुरं नाही सांगितलं. ते लय बोलली. तुम्ही एवढुसंकच सांगितलं." बँकेच्या इन्स्पेक्शनमध्ये माझी अशी चोरी कधी पकडली गेली नव्हती.

आणि एका रात्रीचं काटछाटीतही बसेना. झोपवायला मी वर गेलो होतो, म्हणजे भाषांतराला. ताई पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पडली होती. तिनं दोघांकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "उद्या बी हेच राहतील ना?"

मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाली?

"गुड नाइट म्हणते," मी म्हणालो. ताईला म्हणालो, "हो, उद्या बी हेच." आणि खाली येऊन बायकोवर विनाकारण ओरडलो.

'उद्या' हा त्या दिवसांतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. पोळाबाईंनीही मराठीत सगळ्यात आधी तोच ओळखला, कारण प्रत्येक टेबलावर तोच मिळायचा. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला, तेवीस आलं, आईनं साखर वाटली. मग जन्मदाखला. त्यावर आता आईबाप म्हणून यांची नावं हवीत, त्याशिवाय पोरांचा पासपोर्ट नाही. यांच्या आडनावात दोन टी आणि दोन एल. एका कार्यालयात (कोणत्या ते विचारू नका, मला अजून तिथं कामं पडतात) ही टायपिंगची चूक समजून एकेक अक्षर कमी करण्यात आलं होतं. दुरुस्तीसाठी आम्ही चारदा गेलो. चौथ्यांदा खिडकीतल्या गृहस्थांच्या तोंडात खर्रा होता, म्हणून त्यांनी बोलण्याऐवजी हातानंच हवेत एक उडी काढून दाखवली. उद्या.

पोळाबाई मराठी आमच्या आईकडून शिकत होत्या. आई बारक्याला ज्या सुरात विचारायची, अगदी त्याच सुरात त्या खिडकीत वाकून म्हणाल्या, "काहून बे?"

मागची रांग गप्प झाली. गृहस्थ उठले, बाहेर जाऊन थुंकून आले, परत येऊन त्यांनी पोळाबाईंकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बसा ना मॅडम." पाऊण तासात दोन्ही टी आणि दोन्ही एल आपापल्या जागी होते. सदतीस वर्षं मी सरकारी कार्यालयांत 'सर, प्लीज' म्हणत आलो.

मधेच पोळा झाला. नागपुरात राहून मारबत, म्हणजे ईडा पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, न दाखवणं म्हणजे पाप, म्हणून सगळ्यांना घेऊन इतवारीच्या गर्दीत शिरलो. काळी मारबत 1881पासूनची, पिवळी 1885पासूनची, ही माहिती मी मारोतरावांना ओरडून सांगत होतो आणि ते मान हलवून फक्त बारक्याचा पाय धरून होते. बारक्या त्यांच्या खांद्यावर. लोक ओरडत होते, "रोगराई घेऊन जा गे मारबत! ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि सगळ्यांच्या वर एक बारीक आवाज, "पास्ता घेऊन जा गे मारबत!"

मारोतरावांनी विचारलं नाही काय म्हणतो म्हणून. पास्ता कळायला त्यांना दुभाष्या लागत नव्हता. ते इतके हसले की वर बसलेला बारक्याही हलायला लागला.

संध्याकाळी तान्हा पोळा. दोघं लाकडी बैल ओढत गल्लीतल्या घराघरांत जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करत होते आणि मी फाटकाशी उभा होतो, गरज पडली तर म्हणून. पडली नाही. बारक्यानं बैलाचं चाक मोडलं, मारोतराव इटालियनमध्ये काही बोलले, बारक्यानं मराठीत उलट उत्तर दिलं, मग दोघं नालीच्या काठावर बसून चाक बसवायला लागले. मी जवळ जाऊन म्हणालो, "काय झालं? सांगू का त्यांना?" बारक्या मान वर न करता म्हणाला, "जा ना आबाजी तुम्ही."

त्या रात्रीही मी वर गेलो, सवयीनं. दारातच थांबलो. ताई विचारत होती, "दोमानी?" पोळाबाई म्हणाल्या, "उद्या बी." मी आल्या पावली खाली उतरलो.

पासपोर्ट, व्हिसा, सोनेगावचं विमानतळ, हे सगळं भराभर झालं. सामानात आईनं सांबारवडी दिली, ती बहुतेक विमान सुटायच्या आतच संपली. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पोरांचा अहवाल इकडे पाठवायचा असतो. आम्हाला अहवाल मिळत नाही. आम्हाला व्हिडिओ कॉल मिळतो.

परवाही आला. इकडे मे महिना, रात्रीचे दहा, कूलरच्या आवाजात निम्मं ऐकू येत नव्हतं. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, खिडकीत लख्ख ऊन. बारक्यानं टोंगळा कॅमेऱ्याला लावून दाखवला आणि पळाला. ताई आली. केस कापले आहेत. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इटालियनमध्ये बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मधे एकदा थांबली, बापाकडे पाहून पुन्हा बोलली. त्यात एक 'आबाजी' मला कळलं आणि एक 'दोमानी'.

मारोतराव थोडा वेळ चष्मा पुसत बसले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"गुड नाइट म्हणून राहिली," ते म्हणाले.

त्यांच्यामागे खिडकीत ऊन तसंच होतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "पुरं नाही सांगितलं त्यानं." मी म्हणालो, "हो," आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.