‘नंबरचा चष्मा आहे की, गॉगल कशाला?’ : कामगारांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सेफ्टी गॉगल ही विकणाऱ्यांची कमाई आहे. नंबरचा चष्मा असेल तर तोच पुरतो. नसेल तर एक काळा गॉगल घ्या, काच जेवढी काळी तेवढा डोळा सुरक्षित. प्लॅस्टिकचा घेऊ नका, ओरखडे पडतात, काचेचाच घ्या. तोंडावर फेसशील्ड असेल तर आत काहीच लागत नाही. आणि एवढं करून कण गेलाच, तर रुमालाच्या टोकानं निघतो.

माझं काम फौंड्री आणि मशीनशॉपमधलं. हा मेसेज खरा मानून पोरं गॉगल खिळ्याला अडकवून ग्राइंडरला हात घालतात, हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा नंबरच्या चष्म्याचा. ‘मामा, माझा चष्मा हाय की, त्यावर आणि दुसरा कशाला?’ असं फेटलिंगची, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारी पोरं विचारतात. त्यांना मी हिशेब सांगतो. चार इंची हँड ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो. चाकाचा परीघ ३१ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे चाकाची कड सेकंदाला ५७ मीटर, ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. चाकाचा तुकडा उडाला तर तो याच वेगानं येतो. नंबरचा साधा चष्मा असा मार खाण्यासाठी बनवलेलाच नसतो. काच फुटते, किंवा फ्रेममधून निसटून थेट डोळ्यावर आपटते. दुकानदार ‘काच पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकची आहे, फुटत नाही’ म्हणाला तरी निम्मंच काम झालं, कारण सेफ्टी चष्म्यात फ्रेमचीही चाचणी झालेली असते.

त्यातही सगळे सेफ्टी चष्मे सारखे नसतात. दांडीवर आणि काचेच्या कडेला बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती वाचायची सवय लावा. युरोपच्या ईएन १६६ या जुन्या मानकात ‘एफ’ अक्षराचा चष्मा ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगानं मारून तपासलेला असतो, ‘बी’ अक्षराचा गॉगल १२० मीटर वेगानं. वरचा ५७ चा आकडा आठवा, म्हणजे हँड ग्राइंडर आणि कटिंग व्हीलला ‘बी’चा गॉगल का मागायचा ते कळेल. अमेरिकन मालावर झेड८७ लिहून पुढं अधिकचं चिन्ह असेल तर तो जोराच्या माराला तपासलेला. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३. यातलं काहीच कोरलेलं नसेल, तर तो माल रस्त्यावरच्या गॉगलसारखाच समजा.

आणि फट बघा. चष्मा लावलेल्या माणसाच्या बाजूला उभं राहिलात तर भुवई आणि फ्रेमच्या मध्ये बोट जाईल एवढी जागा दिसते. फेटलिंगची काळी धूळ त्या भुवईत, कपाळाच्या आठ्यांत बसते. सुट्टी झाली की माणूस चष्मा काढतो, बाहीनं घाम पुसतो आणि ती सगळी धूळ डोळ्यात ओढतो. ‘काम करताना काही गेलं नव्हतं, घरी गेल्यावर खुपायला लागलं’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. कपाळाला घट्ट बसणारा गॉगल हवा, आणि तो काढण्याआधी खाली वाकून कपाळ झटकायचं. नंबर असलेल्यांना चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात, नंबर घालून बनवलेले सेफ्टी चष्मेही मिळतात. चष्मा लागतो ही गॉगल टाळायची सबब होऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा काळ्या काचेचा, आणि मेसेजमधला सगळ्यात घातक हाच. काळेपणा दिसणारा उजेड कमी करतो. वेल्डिंगच्या आर्कमधून डोळा भाजणारे अतिनील किरण येतात, ते दिसतच नाहीत. ते न अडवणारी स्वस्त काळी काच लावली की अंधारामुळं बाहुली मोठी होते आणि तेच किरण आत जास्त शिरतात. त्या वेळी काही कळत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाण्याच्या धारा लागतात. आर्क वेल्डिंगला अँपिअरप्रमाणं काळेपणाच्या १० ते १२ नंबरची काच लागते, गॅस कटिंगला ३ ते ६. कटिंगचा गॉगल लावून आर्कसमोर बसणारा डोळा भाजून घेतो. याच्या उलट, पांढऱ्या, म्हणजे पारदर्शक पॉलिकार्बोनेटमधून अतिनील किरण जवळजवळ जात नाहीत. म्हणून शेजारी जॉब धरून उभ्या असलेल्या हेल्परलाही निदान तो द्या, आणि आर्क पेटताना तोंड फिरवायला शिकवा. बिचाऱ्याचा विचार कुणीच करत नाही. वेल्डरनंही हेल्मेटच्या आत पांढरा चष्मा ठेवावा, कारण तो हेल्मेट वर करून स्लॅग ठोकतो आणि तापलेली खपली उडते ती तेव्हाच. भट्टीसमोरचं प्रकरण आणखी वेगळं: तिथल्या उष्णतेच्या किरणांनी वर्षानुवर्षांत मोतीबिंदू येतो. ते किरण अडवणारी खास काच लागते, नुसती काळी चालत नाही.

काच की प्लॅस्टिक? पॉलिकार्बोनेट लवकर ओरखडतं, मेसेजमधली एवढी तक्रार खरी आहे. पण मार सोसण्यात साधी काच त्याच्या जवळपासही येत नाही. थिनरनं पुसू नका, त्यानं ते पांढुरकं होतं आणि तडकतं. साबणाच्या पाण्यानं धुवा, ओरखडे वाढले की बदला.

फेसशील्ड गॉगलच्या वर घालायची असते. खालून हनुवटीकडून कण येतात, आणि माप बघायला माणूस ती वर करतोच. हुपरीला चांदीच्या कामात ॲसिड हाताळणाऱ्यांना तर हवेसाठी आडवळणाची छिद्रं असलेला बंद गॉगलच हवा. समोर सरळ भोकं असलेल्या गॉगलमधून थेंब आत जातो.

हा मेसेज लोकांना पटतो त्यामागं एक खरं दुखणं आहे. मिळणारे गॉगल धुरकटतात, कानाला टोचतात, एकाच मापाचे असतात. एप्रिलमध्ये शेडमध्ये घामानं काही दिसेनासं झालं की माणूस गॉगल काढणारच, त्याला शिव्या घालून उपयोग नाही. मालकांनो, धुकं न धरणारी काच मागवा, ईएन मानकात तिच्यावर ‘एन’ असतं. दोन-तीन मापं आणा, घालणाऱ्याला निवडू द्या. डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच, कलम ३५ मध्ये, केलेली होती. ही मेहेरबानी नव्हे.

राहिला रुमाल. तापलेला लोखंडी कण बुबुळात रुततो आणि काही तासांत भोवती गंजाचं कडं धरतो. रुमालानं, काडीनं, चुंबकानं उकरलं तर बुबुळ सोलतं. चोळू नका, सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडं त्याच दिवशी जा. ॲसिड किंवा चुना गेला तर आधी तिथल्या तिथं नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडून धुवा, मग दवाखाना. चुना जास्त वाईट, तो आत आत खात जातो. मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. उसाचं पान लागून डोळ्यात बुरशी धरलेली असेल तर स्टेरॉइडच्या थेंबांनी ती पसरते, आणि आपल्याकडं कारखान्यातून सुटून उसात जाणारे काही कमी नाहीत.

डॉक्टरांना एक गोष्ट न विसरता सांगा: लागलं तेव्हा हातात काय होतं. छन्नी-हातोड्यानं ठोकताना उडालेली कपची एवढी बारीक असते की ती बुबुळ भेदून आत गेली तरी फारसं दुखत नाही, नजरही सुरुवातीला बरी असते. ‘लोखंड ठोकत होतो’ एवढं कळलं तर डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून आत शोधतात. एमआरआय मात्र अशा वेळी करत नाहीत, कारण त्याच्या चुंबकानं आतला तुकडा हलतो.